वैराचा हिशेब

मे महिन्यात भुसावळचे ऊन उतरते, भिंतींतील धग मात्र मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही. अशाच एका रात्री शहरातील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी तीन पिढ्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. नातीच्या आग्रहाखातर ‘इशकजादे’ लावला होता.

हबीब फैसल यांचा हा चित्रपट २०१२ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. अर्जुन कपूरचा तो पहिलाच चित्रपट, आणि परिणीती चोप्राच्या अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. कथा निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या चौहान आणि कुरेशी या घराण्यांची. आरंभ ऐटदार आहे. पण मध्यंतराच्या सुमारास नायक नायिकेशी लग्नाचे नाटक करतो आणि तिच्या कुटुंबाची अब्रू चव्हाट्यावर मांडतो. येथेच चित्रपट घसरतो. एवढा मोठा विश्वासघात, आणि त्याची वसुली काय? थोडा पश्चात्ताप, थोडी धावपळ आणि एक गाणे. बुडीत कर्ज माफ करून त्याच कर्जदाराला नवे कर्ज द्यावे, तसा हा व्यवहार. मुलाला त्याची चूक दाखवून देणारी एकटी त्याची विधवा आई. तिला आजोबाच गोळी घालतात आणि कथा पुढे निघून जाते.

दादीजी तेवढ्यावर उठल्या. “शहाणपणाने बोलली, तिलाच मारले,” म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

एक गोष्ट मात्र चित्रपटाला नेमकी सापडली होती. ही दोन घराणी अखेर वैर विसरून एकत्र येतात, ती आपापल्या मुलांना मारण्यासाठी. मते टिकवायची असतात. खरा चित्रपट तेथे होता. दिग्दर्शकाने त्यावर फार वेळ घालवला नाही, गोळीबाराला मात्र भरपूर दिला.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ चार वर्षांनी, २०१६ मध्ये आला. तो घराण्यांच्या स्पर्धेचा नव्हे, जातीचा. पण पळून गेल्यावर हैदराबादेत राहायचे कोठे, कमवायचे काय, दोघांत संशय शिरला तर काय, हा संसाराचा जमाखर्च त्याने धीराने मांडला. म्हणूनच त्याचा शेवट आजही अंगावर येतो. ‘इशकजादे’मधील प्रेमिकांचा मृत्यू पाहून नातीने केवळ जांभई दिली.

टीव्ही बंद झाल्यावर तिने विचारले, “दादाजी, समोरच्या दुकानात आपण का जात नाही?”

“भागीदारी मोडली तेव्हा गोदामाच्या भाड्याचा हिशेब जुळला नव्हता, बेटा.”

“किती रुपयांचा?”

दादाजींना आठवेना. आयुष्यभर रोजमेळ पैशापर्यंत जुळवणारा माणूस, पण ती रक्कम काही केल्या आठवेना.

“बावीसशे,” दादीजी आतून म्हणाल्या. “संवत्सरीला क्षमापनेची पत्रे मीच लिहिते ना. दरवर्षी त्या एका नावाशी हात थांबतो.”

दादाजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. नात काही बोलली नाही. सी.ए.च्या अभ्यासासाठी ती ज्या वह्या वापरत होती, त्या समोरच्याच घरातील मुलाच्या होत्या. दादीजींना ते ठाऊक होते. दादाजींना अजून नव्हते.