औषध मारले!

मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय. तेव्हा शब्दांच्या खोड्या काढण्याची सवय जडलेली. औषध घेतात, देतात, उगाळतात. आमच्या अष्टागरात मात्र ते ‘मारतात’! या क्रियापदाची मला मोठी गंमत वाटे. गेल्या आषाढात ती गंमत संपली.

चौलच्या वाडीत नारळी-पोफळींखाली गवत माजले होते. बेणणीला माणसे मिळत नाहीत. मिळालीच तर मजुरी परवडत नाही. गड्याचा फोन आला, ‘‘दादा, औषध मारू का?’’ मी तासाला निघालो होतो. ‘‘मार,’’ म्हटले आणि वर्गात जाऊन शब्दांच्या अर्थच्छटांवर व्याख्यान दिले.

पंधरा दिवसांनी वाडीवर गेलो. पाहतो तो भर पावसात जमीन वैशाखासारखी करपलेली! गड्याने फवारणी केली होती अनवाणी, नुसत्या बनियनवर. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही. ‘‘गवताचं औषध, माणसाला काय करतंय?’’ तो हसून म्हणाला.

डब्यावर नाव होते ग्लायफोसेट. १९७४ सालापासून ते जगाच्या बाजारात आहे. पानातून मुळापर्यंत उतरते आणि वनस्पतीच्या वाढीला लागणारे एक विकर बंद पाडते. ते विकर माणसाच्या शरीरात नाही, म्हणून हे औषध निर्धोक मानले गेले. पण २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. अमेरिकेच्या नियामकांचे मत निराळे पडले. पंडितांचा वाद चालू राहिला, तरी आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली आदेश काढला, की याची फवारणी कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांकडूनच व्हावी. आमच्या गड्याचा परवाना एकच : माझ्या तोंडचा ‘मार’!

२०१७ साली यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती कीटकनाशके होती, हे खरे. पण त्या फवारणाऱ्यांच्या अंगावर तरी आमच्या गड्याहून जास्त काय होते?

हे सारे मी ओटीवर बसून आठवीत होतो, तोच गड्याची आई आली. दरवर्षी आमच्या बांधावरचा कोवळा टाकळा ती खुडून नेते. त्यातली जुडी आमच्याकडेही येते. ज्याला मी तण म्हणून मारले, ती तिच्या घरची पावसाळ्यातली भाजी. ती हळूच म्हणाली, ‘‘भाऊ, औषध मारल्याचं मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी टाकळा नेला, पोरांना घातला. काही व्हायचं नाही ना?’’

वीस वर्षे शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्याजवळ एक शब्द नव्हता. ‘‘पोरं बरी आहेत ना?’’ एवढेच विचारले. बरी होती. पण हे औषध मातीला धरून बसते म्हणतात, आणि आमच्याकडे पावसात मातीच वाहते, विहिरीकडे, खाडीकडे. तिला काय सांगणार?

यंदा चार माणसे शोधून बेणणी करविली. हिशेब पाहून सौभाग्यवतींनी भुवया उंचावल्या. मी गप्प राहिलो. पुढच्या आषाढात टाकळा उगवेल. आणि खुडण्यापूर्वी म्हातारी मला विचारील, ‘‘भाऊ, औषध नाही ना मारलं?’’ निदान त्या वेळी तरी मला उत्तर देता येईल.