पंधरा जणांची यादी

रग्बी ह्या खेळाचे नाव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. तो पाहिला मात्र फारच थोड्यांनी असेल. मुंबईस आझाद मैदानालगतच्या जिमखान्याच्या पटांगणावर पावसाळ्यात हा खेळ चालतो. तेथे आम्ही तो प्रथम पाहिला, तेव्हा पहिली पंधरा मिनिटे आमची अशी समजूत होती की, हे तीस गृहस्थ काही जुने भांडण मिटविण्यासाठी चिखलात उतरले आहेत. पुढे हळूहळू नियम कळू लागले. प्रत्येक बाजूस पंधरा गडी. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो काखेत घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीस टेकवावयाचा. हातात घेऊन पळावे ते पुढे, पण सोबत्याकडे फेकावा तो मागे. पुढे फेकला की पंचांची शिटी वाजलीच. नियम कळल्यावर ह्या खेळाची आम्हांस जी गोडी लागली ती अद्याप सुटलेली नाही.

तथापि येथे आम्हांस लिहावयाचे आहे ते संघाच्या निवडीविषयी, व तेही आयर्लंड देशाच्या. त्याचे कारण घरचेच आहे. आमच्या शाळेच्या क्रिकेट व खोखो ह्या दोन्ही संघांच्या याद्या गेली कित्येक वर्षे आमच्याच हातून फलकावर लागत आल्या आहेत. ज्यांची नावे यादीत असतात ते ती एकदा वाचतात व उड्या मारीत निघून जातात. ज्याचे नाव नसते तो तीच यादी वरून खाली व पुन्हा खालून वर वाचीत उभा राहतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. टोपी हातात धरून ते म्हणाले, “सर, चौदाव्या वर्षी ह्याचं नाव गाळलंत. आता ह्याला खेळू द्यावा, की शिकवणी लावावी? तुम्ही सांगाल तसं करतो.” प्रश्नात राग असता तर उत्तर देणे सोपे गेले असते. चौदा वर्षांच्या पोरात चोवीस वर्षांचा गडी कसा ओळखावा? आयर्लंडात हा प्रश्न साऱ्या देशाचा होऊन बसला आहे, व त्याची त्यांनी दिलेली उत्तरे आमच्या पालकवर्गाने ऐकण्यासारखी आहेत.

आयर्लंड हे लहानसे बेट. सारी वस्ती सुमारे ७० लाख. आपल्या एका मुंबईत याहून अधिक माणसे राहतात. १९२१ साली बेटाचे दोन भाग झाले, उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला. पण १८७९ साली स्थापन झालेली रग्बीची मध्यवर्ती संस्था फुटली नाही. आजही बेलफास्टचा मुलगा व डब्लिनचा मुलगा एकच हिरवा सदरा घालून खेळतात. अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर व कॉनॉक्ट असे चार प्रांत आहेत, व प्रत्येक प्रांताचा एक संघ. खेळाडू कमी, सामने फार. तेव्हा एक चांगला मुलगा हातचा गेला तर ती उणीव भरून काढावयास दुसरा सहज मिळत नाही.

म्हणून ते शाळेपासूनच आरंभ करतात. अल्स्टरमधील शाळांची चषकस्पर्धा १८७६ पासून चालू आहे, लेन्स्टरची १८८७ पासून. डब्लिनजवळचे ब्लॅकरॉक कॉलेज १८६० साली फ्रेंच धर्मगुरूंनी स्थापिले. लेन्स्टरचा हा चषक त्या एका शाळेने सुमारे ७० वेळा जिंकला आहे. अंतिम सामन्यास माजी विद्यार्थी, आजोबा-नातू, शाळेच्या गाण्यांसह हजारोंनी जमतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एवढ्या समुदायासमोर चेंडू हातातून सोडला तर त्याचे काय होत असेल, हे आमच्यासारख्या शिक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. शाळा संपली की निवडक मुले प्रांताच्या अकादमीत जातात. तेथे दोन-तीन वर्षे शरीर कमवावयाचे, सामन्यांचे चलच्चित्र पाहून चुका हेरावयाच्या, व पुष्कळजण त्याच काळात विद्यापीठातही शिकत असतात. त्यानंतर वीस वर्षांखालील राष्ट्रीय संघ. इंग्लंड, फ्रान्स, इटली, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड अशा सहा राष्ट्रांची स्पर्धा दरसाल होते. तीत आपले सर्व सामने जिंकणे ह्यास ग्रँड स्लॅम म्हणतात. वीस वर्षांखालील आयरिश मुलांनी तो २००७, २०१९, २०२२ व २०२३ साली मिळविला. थोरल्या संघाचे असे मान १९४८, २००९, २०१८ व २०२३ ह्या सालांचे. १९४८ व २००९ ह्यांत ६१ वर्षांचे अंतर आहे, आणि शेवटचे तिन्ही चौदा वर्षांत आले. शाळा, अकादमी व प्रांत ही साखळी जुळून आल्याचेच हे फळ, असे आम्हांस वाटते.

पण ह्या साखळीची पहिली कडी कोणाच्या हाती आहे? लेन्स्टरच्या ज्या शाळांतून राष्ट्रीय संघाचा मोठा भाग येतो, त्यांपैकी बहुतेक भरभक्कम फी घेणाऱ्या आहेत. ज्याच्या बापाची ऐपत नाही, किंवा ज्याच्या गावी हर्लिंग व गेलिक फुटबॉल ह्या देशी खेळांचीच मैदाने आहेत, त्याच्यावर निवडसमितीची नजर जावी कशी? ही टीका आयर्लंडातच वारंवार ऐकू येते व ती खोटी नाही. तथापि बाजूची एक पाऊलवाटही आहे. टाइग फर्लाँग हा वेक्सफर्ड परगण्यातील कॅम्पाइल गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो न्यू रॉस गावच्या क्लबात खेळत वाढला. शॉन ओब्रायन हाही कार्लो परगण्यातील टलो गावचा शेतकरीच. चार देशांच्या निवडक खेळाडूंचा जो ‘लायन्स’ संघ दर चार वर्षांनी समुद्रापार जातो, त्याच्या २०१७, २०२१ व २०२५ ह्या तीन दौऱ्यांतील नऊच्या नऊ कसोटी सामन्यांत फर्लाँग आरंभापासून मैदानावर होता. स्क्रम म्हणजे सोळा धिप्पाड गड्यांची डोक्याला डोके लावून होणारी रेटारेटी. तीत उजवा खांदा सांभाळणारा असा माणूस गुरांच्या गोठ्यातून आला, ह्याचे आमच्या शेतकरी पालकांस नवल वाटू नये. लिमरिक शहरात तर हा खेळ गोदीतील हमाल व डॉक्टर ह्या दोघांचाही पूर्वीपासून आहे. मुलींचीही वाट ह्याहून लांब: आयर्लंडच्या महिला संघाने २०१३ साली ग्रँड स्लॅम मिळविला, पण त्यांस पगारी करार मिळावयास २०२२ उजाडावे लागले.

आता वयाची गोष्ट. ब्रायन ओड्रिस्कॉल हा २० व्या वर्षी, १९९९ साली, देशाकडून खेळला. आपल्या प्रांताच्या थोरल्या संघात त्याचा एकही सामना झालेला नव्हता. पुढल्याच वर्षी पॅरिस येथे त्याने एकट्याने तीन वेळा चेंडू टेकविला, आणि अखेर आयर्लंडकरिता १३३ सामने खेळून तो निवृत्त झाला. अशी उदाहरणे पालकांस फार आवडतात. आम्ही मात्र त्यांस जॉनी सेक्स्टनचे नाव सांगतो. तेविसाव्या वर्षीही तो लेन्स्टरच्या संघात कधी आत, कधी बाहेर असा लोंबकळत होता. २ मे २००९ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर, ८२,००० प्रेक्षकांसमोर, मन्स्टरविरुद्ध युरोपीय चषकाचा उपान्त्य सामना चालू असता लेन्स्टरचा मुख्य खेळाडू जायबंदी झाला व राखीव बाकावरील सेक्स्टनला आत जावे लागले. त्याने मारलेली पहिलीच लाथ खांबांमधून गेली. लेन्स्टरने तो सामना २५–६ असा जिंकला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, चोविसाव्या वर्षी, तो देशाकडून प्रथम खेळला; २०१८ साली जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला; व ३८ वर्षांचा होईतो त्याची जागा कोणी घेऊ शकले नाही.

सेक्स्टन ज्या जागी खेळे ती दहा आकड्याची, फ्लाय-हाफची. चेंडू द्यावा, न्यावा की लाथाडावा, हे ह्या एका गड्याने क्षणात ठरवावयाचे असते. म्हणून आयर्लंडात भांडणे होतात ती बहुतेक ह्याच जागेवरून. त्यांतील थोर भांडण १९७९ चे. लिमरिकच्या गॅरिओवेन क्लबचा टोनी वॉर्ड हा तेव्हा साऱ्या देशाचा लाडका होता. ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी मन्स्टरने न्यूझीलंडच्या बलाढ्य संघास १२–० असे हरविले, त्यांतील ८ गुण वॉर्डचे. पुढच्या उन्हाळ्यात संघ ऑस्ट्रेलियास गेला, व पहिल्या कसोटीच्या यादीत वॉर्डचे नाव नव्हते. त्याच्या जागी ऑली कॅम्पबेल ह्यास घेतले होते. त्यापूर्वी देशाकडून तो एकच सामना खेळलेला. आयर्लंडात हलकल्लोळ माजला. कॅम्पबेलने त्या सामन्यात १९ गुण मिळविले. आयर्लंडने तो २७–१२ व दुसरा ९–३ असा जिंकला. म्हणजे निवडणाऱ्यांचे बरोबर ठरले काय? जरा थांबावे. १९८० साली लायन्स संघ दक्षिण आफ्रिकेत असता माणसे जायबंदी झाली म्हणून वॉर्डला मागाहून बोलावून घेतले. केप टाउन येथील पहिल्या कसोटीत त्याने १८ गुण केले. १९८१ मध्ये ‘दोघांनाही खेळवू’ अशी तोड काढून कॅम्पबेलला शेजारच्या जागेवर सरकविण्यात आले, आणि आयर्लंड त्या मोसमातील चारही सामने हरला! सर्वांचे समाधान करू पाहणाऱ्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने हे साल टिपून ठेवावे. १९८२ साली पुन्हा एकटा कॅम्पबेल. स्कॉटलंडविरुद्धचे २१ चे २१ गुण त्याचेच, व इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड ह्या तिघांस हरविण्याचा मान आयर्लंडला १९४९ नंतर प्रथमच मिळाला. दोघेही उत्तम होते आणि जागा एकच होती. आमच्या मते त्या भांडणात याहून अधिक काही नव्हते.

परदेशच्या खेळाडूंविषयी थोडक्यात सांगतो. आयर्लंडात तीन वर्षे राहिले की तेथील राष्ट्रीय संघात खेळता येई. बंडी आकी, जेम्स लो हे न्यूझीलंडचे गडी असेच आले. पुढे ती मुदत पाच वर्षांची करण्यात आली. उलट जो आयरिश खेळाडू पैशासाठी फ्रान्सात जातो त्याला सहसा निवडीत नाहीत. सेक्स्टनसाठी मात्र २०१३ ते २०१५ पर्यंत अपवाद झाला. बाहेरच्यास घरात घ्यावे व घरच्यास दार लावावे, हे आम्हांस पटत नाही. पण जो घरी राहील त्यालाच निवडू, ह्या धाकाने मुले प्रांतांत टिकतात व धाकट्यांस थोरल्यांच्या शेजारी उभे राहून शिकावयास मिळते, हेही नाकारता येत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आज जिंकावयाचे असेल तर अनुभवी गडी हवा. उद्या जिंकावयाचे असेल तर कच्च्या पोरास आजच मैदानावर उतरविले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसजवळ विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात आयर्लंड न्यूझीलंडकडून २८–२४ असा हरला. शेवटी आयरिश गड्यांनी चेंडू न सोडता सदतीस वेळा चढाई केली, पण रेषा गाठली नाही. विश्वचषकात ह्याच पायरीवर ते आठ वेळा घसरले आहेत. त्या दिवशी शेवटच्या शिटीपर्यंत दहा आकड्याच्या जागी ३८ वर्षांचा सेक्स्टन उभा होता, व तोच त्याचा अखेरचा सामना ठरला.

त्याचा वारस कसा घडत होता ते पाहावे. २०२२ च्या शरदात होतकरू मुलांचा एक संघ ब्लूमफाँटेन येथे तीन सामन्यांसाठी पाठविण्यात आला. ऐन मोसमात आमची मुले कशाला नेता, म्हणून प्रांतांतून कुरकूर झाली. त्या मुलांत कॉर्क परगण्यातील बँडनचा जॅक क्रॉली होता. त्याच नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यास थोडाच अवकाश असता सेक्स्टनने दुखापतीमुळे अंग काढून घेतले, व २२ वर्षांच्या क्रॉलीस ऐनवेळी दहाचा सदरा चढवावा लागला. आयर्लंडने तो सामना १३–१० असा जिंकला. २०२४ ची सहा राष्ट्रांची स्पर्धाही क्रॉलीच त्या जागी असता जिंकली. मग आला सॅम प्रेंडरगास्ट, वीस वर्षांखालील २०२३ च्या ग्रँड स्लॅमचा मोहरा. २०२५ च्या स्पर्धेत पहिले चारही सामने त्यास देण्यात आले व पाचवा क्रॉलीस. संघ तिसरा आला, आणि कॉर्क व डब्लिन ह्यांत १९७९ सारखाच वाद पेटला.

मुलाच्या वडिलांस आम्ही हे सारे सांगितले नाही. एवढेच सांगितले की, खेळू द्या, आणि शनिवारी दुसऱ्या संघाच्या सरावास सकाळी सात वाजता पाठवा. शिकवणीविषयी त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा गणितात तो मागे आहे हेही सांगावे लागले. क्रॉली व प्रेंडरगास्ट ह्यांत श्रेष्ठ कोण, ह्याचा निकाल आम्ही येथे देत नाही. पुढला विश्वचषक २०२७ साली ऑस्ट्रेलियात भरावयाचा आहे. तेव्हा क्रॉली २७ वर्षांचा असेल, आणि प्रेंडरगास्ट २४ वर्षांचा. सेक्स्टन देशाकडून पहिला सामना खेळला तेव्हा त्याचे वय तेवढेच होते.