गुण्यात नसलेला कोपरा

माहेरी स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं आणि जुना ओटा फुटला. कडप्प्यावर घण बसला तसा मागच्या कोपऱ्यातून वास आला: ओल्या मातीचा, काजळीचा आणि लोणा लागलेल्या भिंतीचा खारट, नाकात चुणचुणणारा वास. माय जाऊन बराच काळ झाला. पण त्या वासासरशी ती त्या कोपऱ्यात बसलेली दिसली आणि मग दिवसभर तिथून उठलीच नाही.

ट्रॉल्या करणारा पोरगा शेगावहून आला होता. कामाचा, हुशार. त्यानं कोपऱ्यात काटकोन पाहायचा गुण्या टेकवला. एका बाजूला बोट जाईल एवढी फट. मग एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन्ही खुणांमध्ये टेप ताणली. पाच फूट यायला हवं होतं. दीड इंच जास्त आलं.

"भिंत गुण्यात नाही, भाऊ. ट्रॉली बसवली तर मागं फट राहीन."

गुण्यात कशी असेल? आमच्या गावाची, वरवट बकालची, काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पाडून आकसते. तिच्यावर उभं राहिलेलं घर दर वर्षी थोडं थोडं हलतं. त्यात या कोपऱ्याला जन्मभर खाऱ्या पाण्याचा शेजार. पाण्यातलं मीठ विटेत शिरतं, पाणी उडून गेलं की आतल्या आत त्याचे खडे धरतात आणि गिलावा बाहेर ढकलतात. दिवाळीला भाऊ चुना मारायचा, होळीपर्यंत पोपडे निघायचे.

पोरानं कागदावर एल आकाराचा ओटा काढला. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट खोली. दोन्ही बाजू जिथं मिळतात तिथं दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन उरतो. वरून ग्रॅनाइट छान दिसतं, खाली मात्र तिथवर हात पोचत नाही. "हा डेड कॉर्नर," तो म्हणाला, आणि उपाय सांगत गेला. गोल फिरणारी कॅरोसेल बसवा. नाही तर मॅजिक कॉर्नर. दार ओढलं की मागच्या जाळ्या आपोआप पुढं येतात. पैसे वाचवायचे तर नुसता कडप्प्याचा कप्पा करा, वर्षातून एकदा लागणारी भांडी टाका. भाऊ मोबाइलवर चित्रं पाहत होता. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

डेड हा शब्द मला लागला. घरातला सगळ्यात जिवंत कोपरा होता तो, आणि तोही पाण्यामुळं.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आमचा संग्रामपूर तालुका त्यातच येतो. या पट्ट्यातल्या स्वयंपाकघरात पाणी एक नसतं, दोन असतात. खारं वापरायचं, गोडं प्यायचं. वान धरणाचं पाणी १४० गाव योजनेतून नळाला येऊ लागलं ते पुष्कळ नंतर. तोवर गोडं पाणी म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवरून मिन्नतवारीनं आणलेली वस्तू. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तासभर उकळा, दाणा दाण्यापासून वेगळाच राहतो आणि वरण ताटात पाण्यासारखं पळतं. म्हणून मायनं एक पितळी गुंड फक्त डाळीसाठी ठेवला होता. तो त्या कोपऱ्यात, चुलीच्या मागं, भिंतीला चिकटून. तिथं आमचे हात पोचत नसत, म्हणूनच तिथं. ती पाटावर बसल्या बसल्या उजवा हात मागं टाकायची, झाकण सरकवायची आणि न बघता मोजून पाणी घ्यायची. एक थेंब सांडत नसे.

आणि तहान लागली की दुसरीकडच्या मडक्यातलं खारं प्यायची. हे मी पाहिलेलं आहे. भाकरी थापून झाली, कपाळ पुसलं, आणि हात गुंडाकडे न जाता डावीकडे गेला. गोडं पोरांना, गोडं धन्याला, गोडं डाळीला. शेवटी तिच्या किडन्या गेल्या. अकोल्याच्या वाऱ्या झाल्या. कारण काय, हे कोणी पाण्याचं नाव घेऊन सांगितलं नाही. पण आमच्या तालुक्यात त्या आजारानं माणूस गेलेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही, आणि माझ्या मनात ते नाव पक्कं आहे.

पोरगा कागदावर काढत होता तसल्या बांधीव, मापाच्या स्वयंपाकघराची सुरुवात सांगताना जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं नाव घेतात. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईनं तिथल्या महापालिकेच्या वसाहतींसाठी ते आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बाईची पावलं आणि मिनिटं घड्याळ लावून मोजली, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं आटोपशीर स्वयंपाकघर नजरेसमोर ठेवलं. धान्य-साखरेसाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे खण, पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, किडे होऊ नयेत म्हणून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. हे आखण्याआधी आपण कधी संसाराचा स्वयंपाक केला नव्हता, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. तरी तिनं खिडकीखालच्या फळीपाशी वरखाली होणारं फिरतं स्टूल ठेवलं. बाईनं बसून भाजी चिरावी म्हणून. स्वतः रांधलं नव्हतं, तरी रांधणारीचे पाय दुखतात हे तिला कळलं.

आमच्या घरी ओटा आला तेव्हा ते कोणाला कळलं नाही. गॅस आला म्हणून ओटा. मिस्त्रीनं उंची विचारली ती वडिलांना, आणि वडिलांनी सांगितली ती गावातल्या दुसऱ्या घरची. चौतीस इंच. माय बुटकी. कोपराच्या चार-सहा इंच खाली ओटा असला तर चिरायला बरा पडतो, आणि भाकरी थापायची तर त्याहूनही खाली हवा, कारण थापताना अंगाचा भार परातीवर यावा लागतो. चौतीस इंचांवर तिचे खांदे कानाला लागायचे. आठवडाभर तिनं उभ्यानं थापून पाहिलं. मग परात घेऊन पुन्हा खाली त्याच कोपऱ्यात बसली. भाकरी खाली, तवा वर. प्रत्येक भाकरीला उठायचं, टाकायची, बसायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, आता काय, ओटा आला, मजा आहे. तिच्या गुडघ्यांचा तो हिशोब मी अजून कोणाला माफ केलेला नाही.

म्हणून मी पोराच्या हातातली टेप घेतली आणि वहिनीला म्हटलं, "इथं ये. चप्पल काढ, हात दुमडून उभी राहा."

ती लाजली. भावाकडे पाहिलं. मग उभी राहिली. कोपर पस्तीस इंचांवर. पोरानं लिहून घेतलं.

"ओटा तीसचा कर," मी म्हटलं.

"तीसवर भांडे घासाले वाकाव लागते, ताई," वहिनी म्हणाली. "सिंक वर पाह्यजे." आणि एकदा तोंड उघडल्यावर ती थांबली नाही. कोपऱ्यात कॅरोसेल नको. खालून उघडाच ठेवा. पाण्याची वीस लिटरची कॅन तिथं सरकली पाहिजे, उचलावी लागू नये. घरात आरओ बसवला तर तो शुद्ध पाण्याबरोबर टाकाऊ पाणीही सोडतो, आणि आमच्याकडचं ते टाकाऊ पाणी खाऱ्याहून खारं. ते मोरीत सोडलं तर मागचा कढीपत्ता मरतो, शेजारणीचा मेलाय, म्हणून त्याची नळी पार नालीपर्यंत न्या. भिंतीला लाकूड चिकटवू नका, लोणा त्यालाही खाईल. चार बोटं जागा सोडा, हवा खेळू द्या. आणि ओट्याखाली एक स्टूल जाईल एवढी रिकामी जागा.

पोरगा म्हणाला, दोन उंच्या केल्या तर ग्रॅनाइटला जोड येईल, मजुरी वाढेल, आणि पावणेदोन फुटांचा एक खण कमी होईल.

"होऊ दे," भाऊ म्हणाला. "कोणता खण, ते तिले विचार."