मठारलेलं तांबं

प्रिय मैत्रिणी,

तुमच्याकडच्या दुकानात ठोक्याठोक्यांची तांब्याची बाटली दिसली, आणि 'ही नक्षी आपल्या पुण्याचीच ना?' असं तू विचारलंस. अगं, ती मुळात नक्षी नव्हेच! कसबा पेठेतल्या तांबट आळीत त्याला मठारकाम म्हणतात, आणि त्याचं खरं काम भांड्याला बळ देण्याचं.

तांब्याचा पत्रा भट्टीत लाल केला की मऊ पडतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. तांबं बुडवलं तरी मऊच. मग पाण्याने भरलेलं घंगाळ दोन कड्यांना धरून उचलायचं, तर ताकद आणायची कुठून? हातोड्यातून. ठोका पडेल तिथला धातू कडक होत जातो. म्हणून बुडापासून फेर धरत, एका ठोक्याच्या कडेवर दुसरा टाकत, तांबट काठापर्यंत येतो. मधे जागा सुटली, तर पुढे पोचा पडतो तो नेमका तिथे. त्या शेकडो चपट्या ठोक्यांवर उजेड खेळतो तो वेगळाच, पण तो नंतरचा लाभ.

आता साच्यात दाबून खळगे उठवलेली भांडी सर्रास मिळतात. दाबानेही पत्रा थोडा कडक होतोच, पण ते खळगे असतात केवळ दिसण्यापुरते. मात्र 'हातानेच केलेलं' म्हणून उगाच भारावूनही जाऊ नकोस. तांबटही पत्रा कारखान्यातलाच घेतात, आणि त्यात काही बिघडत नाही. ठोका कशासाठी मारला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

खरी काळजी मला विकत घेणाऱ्यांची वाटते. आपल्या आज्या भांडं घेताना टिचकी मारून आवाज ऐकत, काठावरून अंगठा फिरवत, बूड जमिनीवर टेकवून बघत. ताक-चिंच तांब्याला लागू नये म्हणून कल्हई कधी करायची ते त्यांना ठाऊक असे, आणि जुनं भांडं मोडीत घालताना वजनही त्या नीट बघत. त्यांच्या हातांना तांबट फसवू शकत नसे. बंब गेला, गिझर आला. त्याबद्दल मी रडणार नाही, पहाटे उठून बंब पेटवणाऱ्या बाईला विचारून बघ! पण बंबाबरोबर ही पारख करणारी माणसंही गेली. आज डिझायनर आणि तांबट मिळून दिवे, ट्रे, फुलदाण्या करतात. सुंदर करतात, आणि त्यावर घरं चालतात, याचं मला मनापासून समाधान आहे. तरी छताला टांगलेल्या दिव्याचं वजन कोण पेलून बघणार? कारागिराने जीव ओतला की हात आखडता घेतला, हे गिऱ्हाइकाला कळेनासं झालं, तर चांगल्या कामाला चांगला दाम मागायचा तरी कशाच्या जोरावर?

म्हणून ती बाटली घेण्याआधी तिच्यावरून बोट फिरवून बघ. खऱ्या ठोक्यांचे आकार किंचित कमीजास्त असतात, रांगा थोड्या हलतात. सगळं एकसारखं लागलं, तर तिथेच ठेव. मी तुझ्यासाठी आळीतून रोज वापरायची कळशी घेते. एवढंच कळव, कल्हई करून हवी की नुसतं पिण्याचं पाणी ठेवणार आहेस?

तुझीच,
पुण्याची मैत्रीण