पोचपावती

टपालाचा आरंभीचा इतिहास हा राजसत्तेचा इतिहास आहे. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने मुहम्मद तुघलकाच्या डाकव्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. एक डाक घोडेस्वारांची, दुसरी पायी धावणाऱ्यांची. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी असे. घुंगरांचा नाद ऐकू येताच पुढच्या चौकीवरचा माणूस धावण्यास सज्ज होई. सुलतान दौलताबादेस असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही असेच धावत आणले जाई. मराठेशाहीतही जासूद खलिते घेऊन शेकडो कोस तुडवीत. धावणारी माणसे सामान्य घरची होती. त्यांच्या झोळीतले शब्द मात्र इतरांचे होते.

ही वाट सर्वांची होण्यास फार काळ लागला. कंपनी सरकारने 1837 च्या कायद्याने टपाल जनतेसाठी खुले केले. पण पत्र जितके दूर जाई तितका आकार वाढे. 1 ऑक्टोबर 1854 पासून अंतराची ही अट गेली आणि हलके पत्र अर्ध्या आण्यात देशभर कोठेही जाऊ लागले. 1 जुलै 1879 रोजी एका पैशाचे पोस्टकार्ड आले आणि 1880 साली मनीऑर्डर. गरिबाच्या पैशालाही वाट मिळाली.

माझे विद्यार्थिजीवन या मनीऑर्डरीवर उभे आहे. आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाई. पाचवीत मी वसतिगृहात दाखल झालो, तेव्हापासून महिन्याकाठी तिची मनीऑर्डर येई. फॉर्म गावचे पोस्टमास्तर भरून देत. आई अंगठा उठवी. खालच्या लहानशा चिठोऱ्यावर ‘चि.’ पासून ‘आशीर्वाद’ पर्यंत तिचे सारे सांगणे दोन ओळींत बसवलेले असे. अधीक्षकांसमोर पोस्टमन नोटा मोजून हाती ठेवीत आणि सहीसाठी बोट ठेवून जागा दाखवीत. सही केलेली पोचपावती टपालानेच आईकडे परत जाई.

त्या पावत्यांचे पुढे काय होते, याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. दहावीच्या परीक्षेनंतर घरी गेलो, तेव्हा आईने पत्र्याच्या पेटीतून एक दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला. पाच-सहा वर्षांच्या सगळ्या पावत्या तिने क्रमाने लावून ठेवल्या होत्या. अक्षरओळख नसलेली ती माउली एकेका सहीवर बोट ठेवून सांगत होती, “हितं तुझा हात कापत व्हता. हितनं सरळ झाला.” माझी प्रगती मी गुणपत्रिकेत शोधत होतो, आईने ती माझ्या सहीत वाचली होती. पैसे पोहोचल्याचा पुरावा म्हणून पाठवलेला कागद, मुलगा शिकतो आहे याचा पुरावा म्हणून तिने जपला होता.

2015 साली मनीऑर्डरची जुनी, कागदी पद्धत बंद झाली. आज पैसे क्षणात पोहोचतात आणि पोच भ्रमणध्वनीवर उमटते. ही सोय मोठी आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु या वसतिगृहात आज राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावंडांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पोस्टकार्ड अजूनही मिळते. महिन्यातून एकदा स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून घरी पाठवा. घरात कोणाला वाचता येत नसले, तरीही पाठवा.