पाऊस जिथे थांबतो

पीन-भाबा खिंडीवर उभं राहिलं की पावसाची हद्द डोळ्यांनी दिसते. मागे, खाली दूरवर, किन्नौरचं भाबा खोरं. हिरवीगार कुरणं, जागोजागी फुटलेले ओढे, दरीतून वर चढत येणारं धुकं. पुढे स्पितीचं पीन खोरं. तिथे झाड म्हणून नाही. तांबूस, जांभळट, राखाडी मातीचे उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्यावर डोळे दिपवणारं निळं आकाश. दोन्हींच्या मध्ये खडकांची एक कड, तिच्यावर रचलेले दगड आणि वाऱ्यात फडफडणाऱ्या पताका. उंची साधारण ४,९०० मीटर, म्हणजे आमच्या सोलापूरच्या दहापट.

पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून भूगोलाच्या पुस्तकात आमच्या जिल्ह्याचं नाव येतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस फलटणपर्यंत येता येता पाच-सहाशेवर उतरतो आणि आमच्याकडेही तेवढ्यावरच भागवावं लागतं. पण महाबळेश्वर ते फलटण हे अंतर गाडीने दोन-तीन तासांचं. एका नजरेत ते मावत नाही. त्यामुळे ढग कुठे रिकामे झाले हे आम्ही कधी पाहिलेलं नसतं. आम्हाला दिसतं ते फक्त कोरडं रान आणि टँकर. हिमालयात तेच सगळं मान एकदा इकडून तिकडे वळवली की दिसतं. दक्षिणेकडून आलेलं बाष्प डोंगराला अडतं, वर चढतं, थंड होतं, बरसतं आणि कडेपलीकडे कोरडा वारा तेवढा उतरतो. आमच्या गटातला मंगळवेढ्याचा ज्वारीवाला शेतकरी तिथे बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याकडं असं होतंय होय!"

या एका वाक्यासाठी सोलापुरात महिनोन्‌महिने केलेली तयारी मला सार्थ वाटते. म्हणूनच त्या तयारीबद्दल सविस्तर सांगतो.

ट्रेकच्या बैठका सुरू झाल्या तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी वेगळं नाव होतं. हर की दून, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, लडाख. पीन-भाबा ठरलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे ही वाट आल्या पावली परत येत नाही. किन्नौरमधल्या कफनू गावातून शिरायचं आणि खिंड ओलांडून स्पितीतल्या मूद गावात उतरायचं. दुसरं म्हणजे त्या पन्नासेक किलोमीटरांत एकही गाव नाही, दुकान नाही, रस्ता नाही. भेटले तर मेंढपाळ. खाणं, निवारा, औषध, जे लागेल ते बरोबर न्यायचं. आम्हाला असंच निर्जन हवं होतं.

आता असं निर्जन हवं म्हटलं की गटात कोण आहे, याला फार महत्त्व येतं. आमच्यात एक शाळेतले सर, एक औषधांच्या दुकानाचे मालक, रुग्णालयात परिचारिका असलेल्या ताई, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारे दोघे मित्र, तो शेतकरी, नुकतीच बारावी झालेली एक मुलगी आणि मी. वयं अठरापासून छप्पन्नपर्यंत. पहिल्याच बैठकीत सरांनी नियम घातला: सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे, बाकीचे त्याच्या मागे. दुसरा नियम खिंडीच्या दिवसाचा. सकाळी अकरापर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून मागे फिरायचं. "सर, एवढ्या लांब जाऊन माघारी?" मुलीने विचारलं. "माघारी. तुझ्या आईला मी शब्द दिलाय," सर म्हणाले. अशा गोष्टी सोलापुरातच ठरलेल्या बऱ्या. वर गेल्यावर दमलेला माणूस समोर माथा दिसताना शहाणपणाने ठरवेल, यावर माझा विश्वास नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये किन्नौरच्याच खिंडींत अवेळी बर्फ कोसळून ट्रेकर दगावले, त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही होते. त्या बातम्यांची कात्रणं सरांनी बैठकीत सगळ्यांना वाचायला दिली होती.

सोलापूर सपाट. चढायला डोंगर नाही. मग पार्क स्टेडियमच्या पायऱ्या, पहाटे, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये ज्वारी. सुट्टीच्या दिवशी तुळजापूरचा घाट. शहरातल्या एका ज्येष्ठ नंदीध्वजधारकांनी आम्हाला पायऱ्यांवर पाहिलं आणि थांबवून बरंच काही सांगितलं. सिद्धेश्वराच्या यात्रेत जे सात उंच नंदीध्वज मिरवतात, त्यांचा सराव संक्रांतीच्या कितीतरी आधी सुरू होतो. काठी एका वेळी एकाच्याच कमरेला असते, पण बदलीचा माणूस शेजारी तयारच असतो आणि त्याने "दे" म्हणायच्या आत याने ती द्यायची असते. डोंगरातलं ओझंही तसंच वागवायचं. कुणी दमलाय हे त्याने सांगण्याची वाट न पाहता त्याच्या सॅकमधलं वजन दुसऱ्याने काढून घ्यायचं. आमच्या सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२मध्ये एव्हरेस्ट गाठलं, तेव्हापासून इथल्या पोरांना डोंगर परका राहिलेला नाही. सराव मात्र अजून ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.

सामानाच्या यादीत सर्वांत आधी खोडलं गेलं ते सोलापुरी चादरीचं नाव. वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. थंडीत हे जिवावर बेतू शकतं. म्हणून अंगाला लागून कृत्रिम धाग्याचे कपडे, वर लोकर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. चादरीची कसर कडक भाकरीने भरून काढली. ज्वारीची पातळ, कडकडीत वाळलेली भाकरी महिनाभर सहज टिकते, वजनाला हलकी, आणि आमटीत चुरली की पोटभर जेवण. जोडीला शेंगाचटणी. उंचीवर भूक मरते, गोडाची तर शिसारी येते. तिखट, मीठ आणि शेंगदाण्याचं तेल मात्र पोटात जातं. माणशी रोज पाऊण किलोच्या आसपास कोरडं अन्न या हिशेबाने सगळं बांधलं. स्टोव्हचं इंधन मात्र सिमल्यात घ्यायचं ठरलं, कारण रॉकेल किंवा गॅस रेल्वेत नेता येत नाही. कुणीतरी उपग्रह फोनचं विचारलं. तो परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. त्यामुळे कफनूत वाटाड्या आणि भारवाहक ठरवताना कोणत्या दिवशी कुठे असू याचा कागद गावात ठेवायचा आणि दुसरी प्रत सोलापूरला घरी, असं ठरलं.

कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, रात्रीच्या बसने सिमला, तिथून सतलजच्या काठाकाठाने कड्यात कोरलेल्या रस्त्याने वांगतू. तिथे सतलज सोडून भाबा नदीच्या बाजूने वर कफनू. प्रवासाचं आणखी काही सांगत नाही; बसने हिमाचलात गेलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे.

कफनूच्या वर चालायला लागलो आणि मोबाईल गप्प झाला. पहिला मुक्काम मुलिंगला, भूर्ज आणि देवदारांमध्ये, सव्वातीन हजार मीटरच्या आसपास. दुसरा काराला. कारा हे कुरण आहे असं म्हणणं फार अपुरं पडतं. नदी तिथे पसरते, तिच्या अनेक धारा होतात आणि धारांच्या मधल्या हिरवळीवर मोकाट घोडे चरत असतात. खालच्या गावचे लोक उन्हाळ्यात जनावरं इथे सोडून देतात आणि थंडीआधी घेऊन जातात. मेंढ्यांचे कळप तर डोंगर हलल्यासारखे सरकताना दिसतात. चाऱ्यासाठी छावण्या उघडलेल्या जिल्ह्यातून आलेला आमचा शेतकरी त्या गवतात बसून राहिला. त्याने एक मूठ उपटली, मुळं पाहिली, माती पुन्हा दाबून लावली.

काराला आम्ही एक जादा मुक्काम केला, आणि तो सोलापूरच्या कागदावरच लिहिलेला होता. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. पुढचा तळ फुस्तिरंग काराहून बराच उंच, सुमारे ४,१०० मीटरवर. अंगाला विरळ हवेची सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं, आणि ती वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय. ताई रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहीत. औषधवाल्या काकांनी उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स आणलं होतं, पण कुणाला द्यायचं हे डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच लिहून घेतलेलं होतं.

फुस्तिरंगला एक गंमत झाली. मी चटणीचं सीलबंद पाकीट काढलं तर ते टम्म फुगलेलं. कोपरे ताठ, वरची छपाई ताणलेली, बोटाने दाबलं तर आत जाईना. पाकिटात सोलापूरची हवा होती आणि बाहेरचा दाब उतरला होता. मुलगी ते हातात धरून किती वेळ पाहत बसली. बारावीच्या पुस्तकातला दाब तिच्या तळहातावर आला होता. तिथे पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, म्हणून कुकर नसता तर डाळ शिजलीच नसती. त्या कुकरची शिट्टी समोरच्या हिमनदीवरून परत ऐकू येत होती.

खिंडीच्या दिवशी पहाटे चारला निघालो. बर्फ घट्ट असतानाच चढायचं, दुपारी ते भुसभुशीत होतं, ओढ्यांचं पाणी चढतं आणि ढग येतात. शेवटचा चढ अंगावर येणारा. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. दहा पावलं, थांबणं, पुन्हा दहा पावलं. पुढे ताई होत्या, सर्वांत हळू चालणाऱ्या. साडेनऊच्या सुमारास त्यांनीच पहिलं पाऊल माथ्यावर ठेवलं. मग तो दोन रंगांचा हिमालय, ज्याचं मी सुरुवातीला सांगितलं.

पलीकडे उतरताना आवाज बदलतो. पाण्याची खळखळ मागे राहते आणि पायाखाली फक्त दगडांची खरखर. मंगरुंगसे आणि बालदार हे मुक्काम करून मूदला पोचलो, पीन खोऱ्यातल्या शेवटच्या गावात. तपकिरी डोंगरांच्या तळाशी अचानक वाटाण्याची आणि जवाची शेतं दिसली. वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस, तरी वाटाणा! इथलं धरण म्हणजे वर साठलेलं हिवाळ्यातलं बर्फ. ते वितळतं आणि पाटाने, पाळी-पाळीने शेतात येतं. आमचा शेतकरी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकाशी तोडक्यामोडक्या हिंदीत पाळीवर बोलू लागला. कुणाचा दिवस कधी, बांध कोण फोडतं, भांडण झालं तर कोण मिटवतं. रब्बीची ज्वारी काळ्या मातीतल्या ओलाव्यावर काढणारा माणूस आणि बर्फाच्या पाण्यावर वाटाणा काढणारा माणूस चुलीशी बसून रात्री उशिरापर्यंत पाण्याचा हिशेब करत होते. इतक्या प्रवासात मी यापेक्षा मोलाचं काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला तेव्हा सरांनी बोट फिरवून दाखवलं. पीन नदी स्पितीला मिळते, स्पिती खाब इथे सतलजला, आणि सतलज वळसा घेत वांगतूला येते, जिथे भाबाही तिला भेटते. खिंडीच्या दोन अंगांना पडलेलं बर्फ वांगतूच्या पुलाखाली एकत्र वाहतं. सह्याद्रीच्या भीमाशंकराला पडलेला पाऊसही असाच उजनी धरणातून आमच्या नळाला येतो, ते पाणी मी त्या सकाळी नव्याने ओळखलं.

सोलापूरच्या तरुणांना माझं सांगणं आहे: जा. एकट्याने जाऊ नका, सहा-आठ जणांचा गट करा आणि त्यात एक तरी शेतकरी असू द्या. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस निवडा, ऑक्टोबर टाळा. स्थानिक वाटाड्या घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या आणि तो थांबा म्हणाला की थांबा. प्रवासात एक दिवस रिकामा ठेवा. वर नेलेलं प्रत्येक पाकीट खाली आणा. त्या कुरणांवर कचरा उचलायला कुणी येत नाही. आणि निघण्याआधी निदान चार महिने पायऱ्या चढायला लागा.