पत्र धाडूक

मुंबई राज्यात त्या काळी इंग्रजी आठव्या इयत्तेपासून सुरू होई. म्हणजे मालवणच्या मुलाला ही परकी भाषा भेटे ती मिसरूड फुटण्याच्या वयात, पाठांतराची हौस ओसरल्यावर. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरातल्या फळीवर होती आणि शाळेत क्रियापदांच्या दोन याद्या मिळाल्या होत्या : ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांच्यापुढे ‘इंग’चे रूप, ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’ यांच्यापुढे ‘टु’चे. त्या मी मुखोद्गत केल्या. परंतु ‘स्टॉप’ हे क्रियापद दोन्ही पंक्तींत बसत होते, आणि ‘बाबा बंदरावर बोलायला थांबले’ याचे भाषांतर मी ‘स्टॉप्ड टॉकिंग’ असे केले तेव्हा ते तांबड्या शाईने खोडले गेले; कारण मात्र कोणी सांगितले नाही.

ते घरीच सापडले. श्रावणातल्या एका सायंकाळी आई पडवीतून म्हणाली, “पाऊस पडूचो थांबलो,” आणि घटकाभराने, वडिलांना उशीर का झाला हे आजीला सांगताना, “ते वाटेर बोलूक थांबले.” मी हातातली पाटी खाली ठेवली. ‘पडूचो’ थांबते तेव्हा खुद्द ती क्रियाच सरते. ‘बोलूक’ थांबणारा माणूस पुढच्या क्रियेकडे वळलेला असतो. आणि त्या ‘बोलूक’मध्ये मला ‘घराक’, ‘बंदराक’ यांतला, दिशा दाखविणारा ‘क’ ऐकू आला. इंग्रजीतला ‘टु’देखील मूळचा दिशावाचकच आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कॉलेजात संस्कृत शिकताना ‘गमनम्’ आणि ‘गन्तुम्’ शेजारी शेजारी आले, आणि एका क्रियेसाठी दुसरी क्रिया घडते तेथे पाणिनीने ‘तुमुन्’ प्रत्यय सांगितला आहे हे वाचले, तेव्हा जिला अक्षरओळखही नव्हती त्या माझ्या आईचा आवाज त्या सूत्रामागे उभा राहिला.

पुढे मुंबईच्या कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तेथे ‘लुक फॉरवर्ड टु’ या शब्दांनी माझी बरीच परीक्षा पाहिली, कारण तेथला ‘टु’ निव्वळ शब्दयोगी अव्यय असून त्याच्यापुढे ‘हिअर’ नव्हे, ‘हिअरिंग’ लागते. ‘जबाब येण्याकडे डोळे लावून’ असे मनाशी म्हटले की हात चुकत नसे. ‘येणे’ हे नाम, म्हणून त्याला ‘कडे’ जडते.

त्याच नोकरीसाठी मी गाव सोडले, त्या दिवशी बोट खोल पाण्यात उभी होती आणि पडावात पाय ठेवताना आई एवढेच म्हणाली, “पत्र धाडूक विसरा नको.” दर महिन्याला पत्र जाई. पोस्टमन ते तिला वाचून दाखवी.

ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. सुतळीने बांधलेला गठ्ठा तारीखवार लावलेला होता. पोस्टमनकडून लावून घेतला असावा. ‘रिमेंबर टु सेंड’ म्हणजे धाडायची आठवण राहणे, ‘रिमेंबर सेंडिंग’ म्हणजे धाडल्याची आठवण असणे, हा भेद मी कचेरीतल्या कित्येक उमेदवारांना समजावून दिला होता, आणि एकूण एक महिन्याचे पत्र धाडल्याची आठवण मला त्या क्षणापर्यंत स्वच्छ होती. गठ्ठ्यात एका वर्षीचे आषाढाचे आणि श्रावणाचे पत्र नव्हते. भाद्रपदातले पाकीट मात्र घड्यांवर विरून गेले होते, इतक्या वेळा ते उघडले गेले होते.